बाळ्याने कापलेला खांब

ऐंशीनंतरची गोष्ट. लोट्यात कंपन्या नवीन होत्या, आमचे हे तिथे पाळीला जायचे. माहेरचा एक गाववाला दारात सांगून गेला, "तुमच्या देवळाचे लाकडी खांब काढतायत, वर स्लॅब पडणार." पिठाचे हात धुतले आणि निघाले. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याच खांबामागे लपून रडले होते मी.

कुणाला जायचं असेल तर ऐका. लोट्याहून सावंतवाडीची एसटी पकडा, थेट पालीत सोडते. रत्नागिरीच्या गाडीत बसलात तर हातखंब्याच्या फाट्याला उतरून उन्हात वाळाल. पालीच्या स्टँडवर वडा गरम असला तरच घ्या. मला गार दिला, मी परत केला. पुढे गाव चालत. सगळा जांभ्या दगडाचा सडा, उघडा माळच, चपला जाड घाला.

पोचले तर एक खांब तळाशी कापून आडवा. करवत माझ्या सख्ख्या भावाच्या, बाळ्याच्या हातात. दुसऱ्या खांबाला टेकून एक लालबुंद गोरा म्हातारा बसलेला, हलेना. पोलंडचा. जुन्या इमारती वाचवायच्या, जन्मभर हेच काम. आमचे खांब मोजायला महिनाभर शाळेत राहिला होता, पेज पिऊन. बोलणं समजवायला रत्नागिरीचे एक मास्तर सोबत.

"ताय, मधी पडू नको," बाळ्या म्हणाला. "देवाचा कौल झालाय."

"काय विचारलंत देवाला?"

"स्लॅब घालू का, म्हणून."

"आणि खांब कापू का, हे कोण विचारणार? तुझा सासरा?"

गुरवाला परत बसवला. देवाला दोन्ही अंगाला पाकळ्या चिकटवल्या. कापायचे असतील तर उजवी दे, नसतील तर डावी. डावी पडली. बाळ्याने करवत खाली ठेवली.

माझा राग उतरेना. म्हाताऱ्यावरही ओरडले, "नुसते बसलात काय? बोंब मारायची!"

मास्तर त्याच्याशी बोलले, मग मला म्हणाले, "लढाईत त्यांचं शहर जाळलं तेव्हा खूप ओरडले म्हणतात. कुणी थांबलं नाही. मग विटा वेचायला लागले."



मी चार दिवस माहेरी राहिले. म्हाताऱ्याने गावच्या सुताराला घेऊन खांबाला खालून नवा तुकडा सांधला आणि खांब उभा केला. रंग मात्र लावू दिला नाही. दुरुस्ती केलीय ती दिसली पाहिजे, म्हणाला.

लोट्याला परतले. आंब्याच्या दिवसात बाळ्या पेटी घेऊन दारात. "ताय, तो सांधा लय पांढरा दिसतो. येणारा जाणारा विचारतो, कुणी कापला. काळं वॉर्निश मारू?"

"विचारू दे. नाव तुझंच सांग."

आंबे ठेवून घेतले. चहा दिला नाही.