वाघदेवाची शीव

नेरळच्या डोंगराखालच्या ठाकूरवाडीतला पदू आगिवले भोळा होता, असं अजूनही कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

सन एकोणीसशे बावीसमध्ये इंग्रज सरकारनं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा एक मास्तर नेरळला आणून ठेवला. नाव हमादी. गोऱ्यांच्या मळ्यांवर वेठ करू नका, असं आपल्या लोकांना सांगत गावोगाव हिंडला, म्हणून हद्दपार. इथं गावाची शीव ओलांडली तर काळं पाणी. त्याच्यावर नजर ठेवायला फौजदारानं पदूला नेमलं आणि त्याला पदूच्याच घरी ठेवलं. दोघांना एकमेकांची भाषा येईना, पण वेठ म्हणजे काय हे पदूला कुणी सांगायला नको होतं. जंगलखात्याची ओझी वाहून त्याचे खांदे सोलले होते. वर्षभरात हमादी भाकरी मागण्यापुरती मराठी शिकला, मग भांडण्यापुरती.

वाघबारशीला वाडी वाघदेवाला नारळ द्यायला डोंगरमाथ्यावर निघाली. सणाला पाहुणा घरी एकटा ठेवणं पदूला पटेना, म्हणून त्यानं हमादीला सोबत घेतलं. माथ्यावरून पश्चिमेला समुद्राची बारीक रेघ दिसली. हमादी तिच्याकडे बघत खाली बसला आणि ढसाढसा रडला. मग प्रसादाचं खोबरं खाऊन सगळ्यांबरोबर मुकाट उतरला.

माथा गावाच्या सरकारी शिवेबाहेर होता. जंगलखात्याच्या एका शिपायानं फौजदाराकडे चुगली केली. फौजदारानं पदूला वाट काढून दिली. कैदी पळाला, मी धरून आणला, एवढं बोल आणि घरी जा. पदूची बायको ठमी हिचे दिवस भरत आले होते, हेही त्यानं आठवण करून दिलं.

पदू म्हणाला, "तो पळाला नाय. मीच नेला. वाघदेव बसलाय तितवर आमची शीव. तुमची कागदावरची मला ठावी नाय."

हमादीचं काळं पाणी टळलं, पदूला सहा महिने तुरुंग झाला. गाव पोट धरून हसलं. हसणाऱ्यांतला एकही ठमीच्या दारात फिरकला नाही. तिचं पाणी हमादी भरायचा.

सुटल्यावर पदू ठाण्याच्या तुरुंगातून दोन दिवस चालत आला. गावाच्या शिवेवरच्या सरकारी दगडाशी हमादी सकाळपासून उभा होता. एक पाऊल पुढं टाकलं असतं तर पदू खोटा ठरला असता, म्हणून त्याचे अंगठे दगडाच्या अलीकडे होते. हातात धडप्यात गुंडाळलेलं पाच महिन्यांचं मूल होतं. त्यानं ते दगडावरून पुढं धरलं.

"पदू, लेक हाय. घे रं. मला पुढं येता येत नाय."

तुरुंगात पदू रडला नव्हता. तिथं रडला.