रुमाल टाकून धरलेली जागा

सदर नावाच्या वस्तीतल्या त्या जुन्या दगडी चर्चमध्ये मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते माझी मैत्रीण गेल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी. आता जाऊन काय उपयोग, हे मलाही कळत होतं.

कोराडीच्या एकाच शाळेत आम्ही दोघींनी बावीस वर्षं शिकवलं. परतीच्या बसला ही गर्दी. ती चपळ, खिडकीतून रुमाल टाकून दोघींची जागा धरायची. मी आपली रमतगमत मागून. कोणी विचारलं, "इथं कोणी आहे का?" की तिचं ठरलेलं उत्तर, "आहे. येऊन राहिली."

दर नाताळला ती मला चर्चमध्ये बोलवायची. "यंदा तरी येशील नं वं?" मी हो म्हणायची आणि दांडी मारायची. कधी पाहुणे, कधी डोकेदुखी. खरं म्हणजे सासूबाई काय म्हणतील याची भीती. दुसऱ्या दिवशी ती केकचा डबा घेऊन हजर, चकार शब्द न काढता.

आत गेले आणि बघतच राहिले. मूर्ती नाही, तसबीर नाही, झुंबर नाही. चुन्याच्या पांढऱ्या भिंती, उंच खिडक्या, हात लागून लागून गुळगुळीत झालेली सागवानी बाकं, समोर एक साधा लाकडी क्रूस. खिडकीतलं ऊन फरशीवर पडलं होतं, तेवढीच सजावट. एवढं सुंदर काही ती मला दाखवू पाहत होती आणि मी डोकेदुखीची सोंगं करत बसले. स्वतःची भयंकर चीड आली.

तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला तिचं नाव सांगितलं, तसा तो मला तिसऱ्या बाकापाशी घेऊन गेला.

"मॅडम या कोपऱ्यात बसत. नाताळले बाजूच्या जागेवर रुमाल टाकून ठेवत, कोनाले बसू देत नव्हत्या. उपासना संपली तरी रुमाल तसाच राहे. मैत्रीण येनार म्हनत, त्या तुमीच का?"

मी हो म्हटलं. तिच्या कोपऱ्यात बसायचा धीर झाला नाही. रुमालाच्या जागेवर बसले.

उपासना सुरू व्हायच्या बेतात एक बाई लेकराला कडेवर घेऊन आली. बाकं भरली होती. तिनं कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"ताई, इथं कोनी हाय का?"

आहे, येऊन राहिली, हे अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "बसा."