लेबल काढलेली बाटली

आमच्या सासरी एक अलिखित नियम होता. हृदयाचं औषध आपल्या माणसाकडून घ्यायचं, डोक्याचं परक्याकडून. बंगळूरमधली जुनी मराठी घरं मूठभर, त्यामुळे आपले डॉक्टर म्हणजे निम्म्या घरांचे मामा, उरलेल्यांचे काका. साठच्या दशकात माझ्या नणंदेला एक स्थळ आलं होतं आणि डॉक्टर त्या मुलाचे सख्खे मामा.

माझे सासरे, म्हणजे अण्णा, नोकरी संपल्यापासून पार खचले होते. भरल्या ताटावरून उठायचे, झोप नाही, उगाच रडायचे. शिवाजीनगरच्या एका कानडी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि महिन्याभरात अण्णा माणसांत आले. मला इतका आनंद झाला की मी शेवयांची खीर केली. सासूबाईंनी मात्र बाटलीचं लेबल गरम पाण्यात भिजवून काढून टाकलं. कुणी विचारलं तर ताकदीच्या गोळ्या.

पण अण्णा पडायला लागले. खुर्चीतून उठले की डोळ्यांपुढे अंधारी. दोनदा न्हाणीघरापाशी कोसळले, कपाळाला खोक पडली. आपल्या डॉक्टरांना वाटलं हृदय थकलंय, त्यांनी अण्णांच्या हृदयाच्या औषधांतली लघवीची गोळी वाढवली. अण्णा जास्तच पडू लागले. पुढच्या वेळी डोकं फुटलं तर, या विचारानं माझा जीव थाऱ्यावर राहीना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसणं माझ्या स्वभावात नाही. डॉक्टर घरी तपासायला आले, तेव्हा मी ती बाटली त्यांच्यापुढे ठेवली.

"अगं, ती ताकदीची..." सासूबाई म्हणाल्या.

"मनाच्या डॉक्टरांची आहे," मी म्हटलं.

डॉक्टरांनी अण्णांना आधी आडवं करून, मग उभं करून रक्तदाब मोजला. उभ्यानं तो भलताच उतरत होता.

"माझी औषधं दाब उतरवतात, हीही उतरवते," ते म्हणाले. "या वयात दोन्ही एकदम झेपायची कशी? आणि मी वर आणखी वाढवत बसलो. " मग सासूबाईंकडे वळले. "अक्का, मला स्वल्प आधी सांगायला हवं होतंत." लघवीची गोळी त्यांनी तिथल्या तिथे कमी केली आणि शिवाजीनगरच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. मनाची गोळी आपल्या मनानं बंद करू नका, असं बजावलं. "स्थळाची काळजी नको. औषधांवरून सोयरीक मोडणारा मी नव्हे."

मग त्यांनी अण्णांना विचारलं, "चक्कर कधीपासून?"

"ही गोळी सुरू झाली, त्याच्या तिसऱ्या दिवसापासून," अण्णा शांतपणे म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"पोरीचं ठरेपर्यंत पडेन म्हटलं. कपाळ काय, भरून येतं."

मी सासऱ्यांवर आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला. "आणि कन्यादान कोण करणार होतं, अण्णा? तुमचा फोटो?"

 अण्णा "सरी, सरी, बरोबर आहे तुझं" म्हणत हसले आणि उठण्यासाठी त्यांनी माझ्यापुढे हात केला.