घोट्यापाशी
डायलिसिससाठी सुमनच्या हातातल्या नसा जोडल्या, तेव्हापासून रोज सकाळी मी तिथे बोटं ठेवतो. आत वाहत्या रक्ताची थरथर लागली की हायसं वाटतं.

काल डॉक्टर बराच वेळ तिच्या घोट्यापाशी नाडी शोधत राहिले.

“यांनी कधी बघितलीच नाही,” ती हसत म्हणाली. “बायकोच्या पायाला हात लावतील होय!”

किडनीच्या आजारात पायाच्या रक्तवाहिन्याही अरुंद होतात, पाऊल वाचेल का सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

चालताना पाय भरून आले म्हणत ती मागे राहायची, तेव्हा मी चिडायचो. काळजीसुद्धा आपण नेमून दिलेल्या जागीच घेतो. माणूस गार पडत जातो दुसरीकडेच.

आज तिचं पाऊल मांडीवर घेतलं.

“अहो, सोडा, कसंतरीच वाटतं.”

मी सोडलं नाही. पाऊल गार होतं आणि बोटांना काहीच लागत नव्हतं.