गौसचे चोवीस तास

गौस आमच्या समोरच्या घरात राहायचा, कसबा बावड्यात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. काम काय करतोस असं कुणी विचारलं की म्हणायचा, "माशास्नी झोपवतो." गल्लीतल्या बाया हसायच्या. मीही हसायचे. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यातली अर्धी तापात गेलेली. मला काय कळणार?

मग एकदा त्यानंच समजावून सांगितलं. मासे लांब न्यायचे तर धडपडून मरतात, म्हणून पाण्यात गुंगीचं औषध घालतात. पण तोच मासा पुढं माणूस खाणार. तर ते औषध माशाच्या मांसात किती तास राहतंय, हे साहेबांना मोजायचं होतं. ठरल्या तासाला गौस एकेक मासा काढायचा, मांस कापून, वजन करून, बारीक वाटायचा. त्याचा अर्क काचेच्या नळीत जायचा. साहेबांनी त्यात कसलेसे थेंब टाकले की पाणी गुलाबी व्हायचं. औषध जास्त तर रंग गडद. चोवीस तासांच्या माशाची नळी मात्र विहिरीच्या पाण्यासारखी नितळ. हे सांगताना गौस असा फुलायचा, जणू औषध त्यानंच हातानं बाहेर काढलंय. त्याची बायको इमामबी म्हणायची, "घरात कधी मिरची वाटली न्हाय, आणि तिथं मासं वाटतोय."

एकदा एक कटला मासा उठलाच नाही. साहेब म्हणाले, गेला, टाकून दे. गौसनं त्याला ताज्या पाण्यात धरून तासभर पुढंमागं फिरवला. शेवटी मासा शेपटीचा फटकारा मारून निघून गेला. तेव्हापासून त्याचं एक वाक्य ठरलेलं, अंगात औषध हाय तवर गेला म्हणू नये.

सत्त्याहत्तर सालच्या जानेवारीत इमामबीच्या पोटातली गाठ काढायची ठरली. सकाळी आठला तिला गुंगीचं औषध दिलं. गाठ निघाली, पण ती शुद्धीवर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे डॉक्टरांनी मान खाली घातली. काळीज आधीच दुबळं होतं म्हणाले. कुणाला बोल लावावा असं त्यात काही नव्हतं.

तिला घरी आणली तेव्हा सात वाजले होते. त्यांच्यात मयत ताटकळत ठेवत नाहीत. गौसचा थोरला भाऊ दिलदार आंघोळीचं पाणी ठेवायला सांगत होता, तेवढ्यात गौस आडवा आला.

"आठपर्यंत थांबा. चोवीस तास हुंद्यात."

दिलदारनं समजावलं, दरडावलं. शेवटी "माणूस हाय ती, मासा न्हवं" असं बोलून गेला आणि स्वतःच भिंतीकडं तोंड करून रडला. मग माणसं दाराशी बसून राहिली. गौसकडं घड्याळ नव्हतं. तो मला म्हणाला, "आक्का, तुमच्या घड्याळात आठ वाजलं की सांगा. तुम्हीच सांगा."

मी घरी जाऊन घड्याळापुढं उभी राहिले. चूल पेटवायचंही सुचलं नाही. साखर कारखान्याचा आठचा भोंगा झाला. तो साऱ्या बावड्याला ऐकू जातो. मी परत गेले तर दारातली सगळी माणसं खाली बघत होती, आणि गौस इमामबीच्या उशाशी बसून तिचे तळहात चोळत होता.

"आक्का, वाजलं?"

"न्हाय अजून," मी म्हणाले. "थोडं हाय."

तो पुन्हा चोळायला लागला. आणखी दोनदा त्यानं विचारलं, दोन्ही वेळा मी तेच सांगितलं. एवढं धडधडीत खोटं मी जन्मात बोलले नव्हते, आणि दाराशी बसलेल्या एकानंही मला खोटं पाडलं नाही. मग त्यानं तिचा हात अलगद खाली ठेवला. तिच्या जबड्याखाली दोन बोटं लावली, माशाचा कल्ला हलतोय का बघायला लावायचा तशी. बराच वेळ तशीच ठेवली. आणि उठला.

"भाई, बायकांना बोलवा. आंघोळ घाला."

पुढं त्यानं नोकरी सोडली नाही. चोवीस तासांचा मासा तेवढा दुसऱ्या कुणाला तरी कापायला लावायचा. साहेबांनी कधी कारण विचारलं नाही.

शहाऐंशी साली रिटायर झाला, त्या आठवड्यात माझ्याकडं चहाला आला होता. घड्याळाकडं बघत बसला. मी म्हटलं, काय बघतोस, म्हातारं झालंय ते माझ्यासारखं.

"म्हातारं झालं, पण मागं कधी पडलं न्हाय, आक्का," तो म्हणाला. "भोंगा मलाबी ऐकू आलता."

मी त्याच्या बशीत उरलेला चहा ओतला.