ओपलमावशीचं चाटण

१० ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी ओपल टॅकेट आमच्या दुकानात आली, खनिज मिश्रणाची दोन पोती तिने काउंटरवर ठेवली आणि सदतीस डॉलर ऐंशी सेंट परत मागितले.

पशुखाद्याच्या या दुकानात मी हिशेब सांभाळतो. इतक्या वर्षांत हरणांना चाटायला नेलेलं मीठमिश्रित खनिज कुणी परत आणलेलं मला आठवत नाही. ओपलने तर नाहीच. ते नेणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव नसेल असा एकही वसंत गेलेला नाही.

"माल खराब निघाला का, मावशी?" मी विचारलं. ती माझ्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठी आहे. पण तिने तीस वर्षं शाळेची बस चालवली आणि बसमधली पोरं तिला मावशी म्हणायची, म्हणून आता सगळी काउंटीच म्हणते.

"माल चांगलाय. हरणांची तक्रार नाही."

"मग?"

"आता घालायचं नाही म्हणे. पेपरात आलंय. तू पेपरातलं फक्त मक्याच्या भावाचं पान वाचतोस वाटतं, बर्टन?"

एका पोत्याचा कोपरा उंदराने कुरतडला होता. त्यामुळे मी तिला एका पोत्याचे पूर्ण आणि दुसऱ्याचे अर्धे पैसे दिले, आणि उरलेले कंपनीकडून आले की देईन असं सांगितलं. तिने हरकत घेतली नाही. पैसे तिने मोजलेही नाहीत. एरवी ती सुटी नाणीसुद्धा दोनदा मोजते.

दुकानात कॉफीच्या भांड्याजवळ एक बाक आहे. त्यावर ग्रॅडी फ्युगेट आणि अर्विन कोम्ब्स बसलेले असतात. दोघेही जन्मभराचे शिकारी, आणि हरणांना मीठ घालावं की नाही यावर जन्मभराचे भांडखोर. आपली डोंगरातली हरणं मुळात मिठाला भुकेली, माद्यांना दूध उतरायला आणि नरांना शिंगं भरायला ते हवंच, असं ग्रॅडीचं म्हणणं. त्याने आपल्या रानात तीन ठिकाणी चाटणं, म्हणजे हरणांनी चाटावं म्हणून मीठ घातलेल्या जागा, केली आहेत आणि प्रत्येक झाडावर कॅमेरा बांधला आहे. अर्विनला हे सगळंच हलकं वाटतं.

"शेजारच्या काउंटीत एक हरीण झिजून मेलं, म्हणून आमच्या हरणांचं मीठ बंद?" ग्रॅडी म्हणाला. "शेजाऱ्याला हगवण लागली म्हणून मी जेवण सोडू?"

"तू जेवण सोडलंस तर काउंटीवर उपकार होतील," अर्विन म्हणाला. "आणि मी तर कधीपासून सांगतोय. वाटा ओळखून, वारा बघून हरीण मारायचं, त्याला शिकार म्हणतात. तुम्ही खानावळ उघडता आणि गिऱ्हाइकांना गोळ्या घालता."

ओपल दारापर्यंत गेली होती. ती वळली.

"माझ्या चाटणावर एकही गोळी सुटलेली नाही, अर्विन. ताटावरून उठवून कुणाला मारायचं नाही, असं माझा डेन्व्हर म्हणायचा. तो गेल्यावरही नाही."

अर्विनने टोपी काढून डोकं खाजवलं. "तुझं वेगळं, मावशी," तो म्हणाला.

तिचं वेगळं होतं हे खरं. आमच्या लहानपणी या ॲपलाशियन डोंगरांत हरीण जवळजवळ उरलंच नव्हतं. कोळशाच्या खाणी बंद पडल्या की माणसं रानातलं चालतं-फिरतं सगळं खात असत. एखाद्याला हरीण दिसलं तर तो रविवारी चर्चमध्ये उठून सांगायचा आणि निम्म्यांना ते खोटं वाटायचं. १९७६ साली ओपलचं नुकतं लग्न झालं होतं. तेव्हा तिच्या नवऱ्याला, डेन्व्हरला, ओढ्याकाठच्या चिखलात एक खूर उमटलेला दिसला. हरीण नव्हे, फक्त खूर. तो घरी गेला, गाईंसाठी आणलेली मिठाची वीट उचलली आणि घरामागच्या उतारावर ओकच्या एका बुंध्यावर नेऊन ठेवली.

दोन वर्षं कुणी आलं नाही. वीट पावसाने विरघळायची, तो दुसरी ठेवायचा. लोक हसायचे. ओपलही हसायची. मग एका पहाटे ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली तर बुंध्यापाशी एक मादी उभी होती. "मी दाण्यांचं भांडं तसंच धरून बसले," असं ती सांगते. "पाय बधिर झाले तरी हलले नाही. मला वाटलं, मी श्वास घेतला तर ती जगातूनच जाईल."

पुढे हरणं वाढली, सगळीकडेच वाढली. विटांच्या जागी भुकटीची पोती आली. डेन्व्हरचं चाटण मात्र तिथंच राहिलं. हरणांनी आधी मीठ मुरलेला बुंधा कुरतडून खाल्ला, मग त्याची मुळं, मग खालची माती. चाटणापासून वरच्या कड्यापर्यंत बंदूक न्यायची नाही, हा त्या घराचा नियम होता. ओपल दर नोव्हेंबरात एकच हरीण मारायची, तेही कड्याच्या पलीकडच्या बाजूला, आणि मांस शिजवून काचेच्या बरण्यांत भरायची. डेन्व्हर गेल्यावर त्याची बंदूक, त्याचा हंगाम आणि त्याचं मीठ, तिन्ही तिने चालू ठेवली.

हरणांच्या त्या झिजण्याच्या रोगाची माहिती द्यायला वन्यजीव खात्याची एक तरुण बाई चर्चच्या हॉलमध्ये येऊन गेली होती. हरीण झिजत जातं, त्याच्या तोंडातून लाळ गळते, ते माणसाला भीत नाहीसं होतं आणि मरतं. औषध नाही. रोग लाळेतून पसरतो आणि लाळ पडलेल्या मातीत वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून सगळी हरणं एका जागी तोंड लावतील असं काही ठेवू नका, एवढंच तिचं सांगणं होतं. ऐकून प्रत्येकाने एकच अर्थ काढला, की पोती आणणं थांबवायचं. ओपलनेही तोच काढला. पोती परत केली म्हणजे चाटण बंद झालं, असं तिने धरलं आणि मीही धरलं.

ऑगस्टच्या शेवटी ती पुन्हा आली. काही घेतलं नाही. काउंटरवर हात टेकून म्हणाली, "उद्या पहाटे माझ्याकडे ये. तुला काही दाखवायचंय."

"मला? मला शिकारीतलं काय कळतं, मावशी?"

"म्हणूनच. ग्रॅडी फोटो काढत बसेल, अर्विन भाषण देईल. तू गप्प बसतोस."

मी गेलो. उजाडायच्या आधी आम्ही परसातल्या धान्याच्या खोलीत खिडकीशी बसलो. वारा उताराकडून आमच्याकडे येत होता. हळूहळू समोरचं दिसायला लागलं आणि मी पहिल्यांदा ते चाटण नीट पाहिलं.

मी एखादा खळगा असेल असं धरून चाललो होतो. तिथे उतारालाच एक मोठी ओंजळ पडली होती. दोन माणसं हातपाय पसरून झोपतील एवढी, आणि मधोमध माझ्या कमरेइतकी खोल. वरच्या अंगाला एक बीच वृक्ष उभा होता. त्याच्या मुळांखालची माती गेली होती आणि मुळं हवेत लोंबत होती. ती खालून गुळगुळीत, चकचकीत झाली होती, जिन्याच्या जुन्या कठड्यासारखी. फावडं नाही, कुदळ नाही. हे सगळं जिभेने खणलेलं होतं. डोंगराच्या चारी बाजूंनी पायवाटा उतरून त्या एका जागी येत होत्या.

मग हरणं आली. येताना दिसली नाहीत. नव्हती, आणि मग होती. प्रथम एक म्हातारी मादी, तिचा डावा कान फाटलेला. तिने गुडघे टेकले. हरीण गुडघे टेकतं हे मला माहीत नव्हतं. मान वाकडी करून तिने मुळांखाली आत, अंधारात जीभ घातली. मागून आणखी आल्या, त्यांच्याबरोबर अंगावर ठिपके असलेली पाडसं होती. सगळी त्या ओंजळीत उतरून कोरडी माती चाटत होती. मीठ घालून तीन महिने झाले होते. त्या शांततेत फक्त जिभांचा आवाज येत होता, खरखरीत आणि सावकाश. माझे हात मांडीवर जोडले गेले होते, हे मला नंतर लक्षात आलं.

म्हातारी उठून बाजूला झाली. तिचं पाडस पुढे आलं, तसंच गुडघ्यांवर बसलं आणि आईने जिथं जीभ घातली होती नेमकं तिथंच त्याने तोंड लावलं. माती ओली दिसत होती.

"बघितलंस?" ओपल अगदी हळू म्हणाली. "हिची आजी मी बघितलीय. तीपण तिथंच चाटायची." मग म्हणाली, "पोती तुला परत केली, बर्टन. मातीत मुरलंय ते कुठल्या काउंटरवर परत करू?"

त्या डोंगरावर हरीण यावं म्हणून तिच्या नवऱ्याने जे केलं, तेच आता हरणांचा घात करणारं ठरू शकत होतं. आणि ते थांबवायचं तर डेन्व्हरची म्हणून जी जागा उरली होती ती तिला स्वतःच्या हाताने मिटवावी लागणार होती.

तिने मिटवायचं ठरवलं. पहिल्यांदा तिने ओढ्यावरची माती ट्रकने आणून खड्डा भरला. आठवडाभरात हरणांनी ती खुरांनी उकरून टाकली आणि पुन्हा जुन्या मातीला तोंड लावलं. मग अर्विन म्हणाला, पत्रे टाकायला हवेत. ओपलकडे पत्रे होते, डेन्व्हरच्या तंबाखूच्या कोठारावर. तंबाखू बंद होऊन बरीच वर्षं झाली होती आणि कोठार रिकामंच होतं, तरी ती दर वसंतात त्याच्या छपराची डागडुजी करायची. ते तिने उतरवायला लावलं.

ग्रॅडी स्वतःहून ट्रक घेऊन आला. शिडीवर अर्विन, खाली ग्रॅडी.

"आणि तुझी ती तीन चाटणं कधी झाकणार?" अर्विन वरून म्हणाला.

"तुझं तोंड झाकलं की."

"पत्रा नीट धर. पायावर पडला तर हरणाआधी तुझीच तपासणी करावी लागेल."

ओपल हसली नाही. ती प्रत्येक पत्र्यातले खिळे काढून डब्यात टाकत होती. संध्याकाळपर्यंत ती ओंजळ पत्र्यांखाली गेली आणि त्यावर आम्ही ओढ्यातले दगड रचले, दोघांनी मिळून उचलावे लागतील असे. जाताना ग्रॅडी माझ्याकडून दोन गाड्या खडी मागवून गेला. कशाला, ते त्याने सांगितलं नाही. अर्विननेही विचारलं नाही. अर्विनने न विचारलेली ती एकच गोष्ट.

हरणं येतच राहिली. ओपल रोज पहाटे बघायची. हरणं पत्र्याच्या कडेने फिरायची, दगड हुंगायची. फाटक्या कानाची म्हातारी एकदा पत्र्याला जीभ लावून ऊन येईपर्यंत तशीच उभी राहिली. "मला वाटलं, जाऊन तिला सांगावं," ओपल म्हणाली. "पण काय सांगणार?"

नोव्हेंबरात तिने नेहमीप्रमाणे कड्यापलीकडे एक मादी मारली. या वेळी डोकं तपासणीला पाठवलं. मांस डीप फ्रीझरमध्ये राहिलं, बरण्या धुवून पालथ्या घालून ठेवल्या. त्या दिवसांत ती दुकानात येऊन बाकावर बसायची, पण बोलायची नाही. तिच्यासमोर ग्रॅडी आणि अर्विनसुद्धा हवापाण्यावर बोलायचे. तिला काय विचारायचं आहे ते सगळ्यांना माहीत होतं. घातलंय का मी विष, एवढंच.

ख्रिसमसच्या आधी उत्तर आलं. रोग आढळला नाही.

"झालं तर!" ग्रॅडी उठून उभा राहिला. "मावशी, काढ ते पत्रे!"

"एक हरीण स्वच्छ निघालं," ती म्हणाली. "बाकीच्यांची डोकी कुणी तपासलेली नाहीत." मग तिने माझ्याकडे बरण्यांच्या झाकणांचं एक खोकं मागितलं आणि घरी जाऊन बरण्या भरल्या. त्यातली एक माझ्या घरी आली.

पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा त्या खिडकीशी बसलो. पत्रे गंजले होते. बीचच्या पानांनी निम्मे झाकले होते. जुन्या वाटांवर गवत वर येत होतं. ओंजळीच्या वरच्या अंगाने मात्र एक नवी वाट पडली होती, ती चाटणाला वळसा घालून सरळ ओढ्याकडे जात होती. त्या वाटेने म्हातारी आली. तिची पावलं पत्र्यापाशी मंद झाली, मान वळली. तिच्यामागे नवं पाडस होतं, थरथरत्या पायांचं. ते थांबलं नाही. आईच्या पोटाखालून पुढे निघालं आणि ओढ्याकडे धावलं, आणि म्हातारी त्याच्या मागे गेली.

ओपलने माझ्या दंडाला धरलं.

"त्याला माहीतच नाही," ती म्हणाली. "बर्टन, त्याला इथलं काही माहीतच नाही." तिचा चेहरा उजळला होता. त्या पहिल्या मादीच्या वेळी, दाण्यांचं भांडं हातात धरून बसली असताना, तो असाच दिसत असणार.

उंदराने कुरतडलेल्या पोत्याचे पैसे कंपनीकडून आलेले नाहीत. ओपल टॅकेटचे नऊ डॉलर पंचेचाळीस सेंट दुकानाकडे बाकी आहेत.