मसालेभात निवत होता

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. आमच्या लीड्सच्या मंडळात अजूनही म्हणतात, दिवाळीला त्या गोऱ्या बाईचं गाणं पडलं. ते पडलं नव्हतं, मी पाडलं.

ती कंट्री म्युझिक गायची. तरुणपणी गिटार घेऊन गावोगावच्या पबमध्ये गायली होती. घशाच्या ऑपरेशननंतर त्या दिवशी पहिल्यांदाच चारचौघांत गाणार होती. स्टेजमागे सारखी येरझारा घालत होती, मधूनच गळ्यावरून बोट फिरवत होती.

दुसऱ्या गाण्यात आवाज छान लागला. तेवढ्यात जेवणाचं बघणाऱ्या वहिनी मला म्हणाल्या, “अहो सेक्रेटरी, मसालेभात निवतोय! हॉल वेळेत सोडायचाय ना?” गाणं चालू असतानाच मी दुसऱ्या माइकवर जेवण जाहीर केलं. मग कोण थांबतंय! खुर्च्या सरकल्या, रांग लागली. ती रिकाम्या खुर्च्यांपुढे शेवटच्या कडव्यापर्यंत गात राहिली.

नंतर तिनं विचारलं, “खरं सांगा, आवाज गेलाय ना माझा?”

“थोडासा,” मी म्हणालो. आपली चूक कबूल करणं जड गेलं.

मागच्या महिन्यात ती बसमध्ये शेजारी येऊन बसली. “तुम्ही एकटेच खरं बोललात,” ती म्हणाली. “बाकीचे माझं मन राखत होते. त्यानंतर मी गायलेच नाही.”

मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं आणि विचारलं, “तुम्ही कुठे उतरणार?”